परतवाड्याचा गोपाळ, पायी फिरून इतिहास लिहिणारा : गोनीदांना गोष्टी सापडल्या तरी कुठं?

परतवाड्याच्या बसस्टँडवर कोणालाही विचारा, "गो. नी. दांडेकर कोण हो?" दहातले दोन-तीन जण सांगतील. 'जैत रे जैत' सिनेमाचं नाव काढलं की मात्र बरेच जण मान डोलावतात. ठाकर वस्तीतला तो ढोल वाजवणारा नाग्या, ती चिंधी, तो मधमाश्यांचा डोंगर! सिनेमा जब्बार पटेलांचा, पण मूळ कादंबरी गोनीदांची. आणि गोनीदांचा जन्म आपल्या परतवाड्याचा, ८ जुलै १९१६ चा.

शिवकाळावर लिहिणारे कादंबरीकार मराठीत पुष्कळ झाले. गोनीदांचं वेगळेपण असं, की दरबारापेक्षा त्यांनी गावाकडून जास्त लिहिलं. राजाच्या तख्ताजवळ बसलेल्या माणसांपेक्षा गडाच्या पायथ्याशी राहणारा शेतकरी, पहारेकरी, म्हातारी त्यांना जास्त दिसली. असं का झालं? ते उत्तर त्यांच्या आयुष्यात आहे. हा माणूस आयुष्यभर पायी फिरला आणि ज्यांच्या ओसरीवर झोपला त्यांचीच गोष्ट त्यानं लिहिली.

थोडक्यात गोनीदा

• पूर्ण नाव : गोपाळ नीलकंठ दांडेकर. जवळचे लोक 'आप्पा' म्हणत.
• जन्म : ८ जुलै १९१६, परतवाडा, जि. अमरावती. निधन : १ जून १९९८.
• मुक्काम : आयुष्याचा मोठा काळ पुणे जिल्ह्यातलं तळेगाव दाभाडे.
• मान : 'स्मरणगाथा' या आत्मकथनपर पुस्तकाला १९७६ चा साहित्य अकादमी पुरस्कार. १९८१ मध्ये अकोल्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष.
• शिवकाळावरच्या पाच कादंबऱ्या : बया दार उघड, हरहर महादेव, दर्याभवानी, झुंजार माची, हे तो श्रींची इच्छा.

तेराव्या वर्षी घर सुटलं

गोनीदांचं शाळेतलं शिक्षण सातवीपाशी थांबलं. वय तेरा. देशात गांधीजींच्या चळवळीचं वारं होतं. पोरगं घर सोडून निघून गेलं ते स्वातंत्र्याच्या लढ्यात पडायला.

आज तेरा वर्षांचं पोरगं घरातून गेलं तर आपण आधी पोलीस ठाण्यात धावतो आणि ते बरोबरच आहे. गोनीदांचं निघून जाणंही काही गमतीचं नव्हतं. उपास, उघड्यावरची झोप, अनोळखी गावं, हे सगळं वाट्याला आलं. आपल्या भटकंतीच्या त्या वर्षांची कहाणी त्यांनी पुढं 'स्मरणगाथा'त लिहिली. आपण मोठे कसे झालो याची ऐट त्या पुस्तकात नाही. कोणी जेवू घातलं, कोणी हाकलून दिलं, कोणाकडून काय शिकलो, याचा तो हिशोब आहे.

पुढं त्यांनी संस्कृत ग्रंथांचा आणि वेदान्ताचा अभ्यास केला. म्हणजे शाळा सुटली तरी शिकणं सुटलं नाही. पण कादंबरीकार म्हणून ज्या शाळेनं त्यांना घडवलं असं वाटतं, ती शाळा आपल्याच जिल्ह्यातल्या एका माणसाची होती.

गाडगेबाबांची शाळा

तो माणूस म्हणजे गाडगेबाबा. जन्म १८७६ चा, अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचा. डोईवर किंवा हातात गाडगं, अंगावर चिंध्या, हातात खराटा. गावात शिरले की आधी गाव झाडायचं आणि रात्री कीर्तन करायचं. तरुण गोपाळ दांडेकर बाबांच्या सहवासात राहिले, त्यांचं काम करत फिरले.

बाबांचं कीर्तन आपल्या आजोबांच्या पिढीनं ऐकलंय. त्यात पोथीतली भाषा नव्हती. बाबा समोरच्यालाच प्रश्न विचारायचे. देव कुठं राहतो, कर्ज काढून लग्न कायले करता, पोराले शाळेत का घालत नाही? लोक उत्तर द्यायचे, बाबा त्या उत्तरातूनच पुढं जायचे. बोली आपली वऱ्हाडी.

एखादा होतकरू लेखक रोज रात्री हे ऐकत असेल तर तो काय शिकेल? पहिलं, मोठ्यात मोठा विचार साध्या माणसाच्या तोंडच्या बोलीत सांगता येतो. दुसरं, समोरच्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या माणसाकडंही सांगण्यासारखं असतं, त्याला विचारावं मात्र लागतं. गोनीदांच्या कादंबऱ्या वाचताना या दोन्ही गोष्टी पानोपानी दिसतात. पुढं त्यांनी बाबांचं चरित्रही लिहिलं. बाबांनी २० डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ देह ठेवला, पण त्यांच्याकडून घेतलेली शिदोरी गोनीदांना शेवटपर्यंत पुरली.

नर्मदा उजव्या हाताला

भटकंतीतच त्यांची नर्मदा परिक्रमा झाली. आपल्याकडून अजूनही पुष्कळ लोक परिक्रमेला जातात, त्यामुळं नियम माहीत असतील. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची, मध्येच ओलांडायची नाही. उगम अमरकंटकला, नदी समुद्राला मिळते ती भरूचजवळ. नदीची लांबीच सुमारे १,३०० किलोमीटर. दोन्ही काठ चालायचे म्हटल्यावर किती पाय झिजतील, हिशोब करा. सोबत पैसा बाळगायचा नाही, मिळेल ते खायचं, पडेल तिथं झोपायचं, अशी जुनी रीत.

या अनुभवातून 'कुणा एकाची भ्रमणगाथा' आली. परिक्रमेला निघालेल्या एका तरुणाची ती गोष्ट. वाचताना घाट, जंगल, धर्मशाळा, काठावरची माणसं डोळ्यासमोर उभी राहतात, कारण लेखकाचे पाय त्या वाटेवर पडलेले होते.

लिहिण्याआधी जागेवर जायचं, ही त्यांची रीत पुढंही दिसते. भाक्रा-नांगल धरणाच्या बांधकामावर त्यांनी 'आम्ही भगीरथाचे पुत्र' लिहिली. कोकणातल्या उजाड होत चाललेल्या गावाची गोष्ट 'पडघवली'त सांगितली, तीही अंबूवहिनी नावाच्या बाईच्या तोंडून. पुरुष लेखकानं बाईच्या बोलीत अख्खी कादंबरी सांगायची, तर घरोघरच्या बायकांचं बोलणं कान देऊन ऐकलेलं असावं लागतं.

पूर्णामाय आणि आपली बोली

आता खास आपल्या भागाची गोष्ट. पूर्णा नदी सातपुड्यात उगवते, आपल्या अमरावती जिल्ह्यातून अकोला, बुलढाण्याकडं जाते आणि पुढं चांगदेवजवळ तापीला मिळते. दर्यापूर, भातकुलीकडच्या खारपाणपट्ट्यातले लोक या नदीला 'पूर्णामाय' म्हणतात. ऋणमोचनला पूर्णेच्या काठावर गाडगेबाबांनी बांधलेला घाट आहे.

याच नदीकाठच्या माणसांवर गोनीदांनी 'पूर्णामायची लेकरं' ही कादंबरी लिहिली आणि ती वऱ्हाडीत लिहिली. त्या काळी बोलीत अख्खी कादंबरी म्हणजे धाडसच. पुस्तक म्हटलं की शुद्ध, पुण्या-मुंबईची भाषा, असाच समज होता.

थोडं आपल्या घरात डोकावून बघा. पोरगं 'मले', 'तुले', 'काऊन' म्हणालं की आपणच त्याला दटावतो, नीट बोल म्हणतो. शाळेत प्रमाण भाषा आलीच पाहिजे, त्यात वाद नाही. पण घरच्या बोलीची लाज कशाला? आपल्या जिल्ह्यात जन्मलेल्या आणि साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झालेल्या लेखकाला हीच बोली कादंबरीच्या मोलाची वाटली. बोलीसोबत नुसते शब्द जात नाहीत. शेतीची, स्वयंपाकाची, सणावाराची, नातेसंबंधांची जी माहिती त्या शब्दांत बांधलेली असते, तीही जाते.

गड म्हणजे नुसते दगड नव्हेत

१९४७ मध्ये गोनीदांनी ठरवलं, आता लेखनावरच जगायचं. नोकरी नाही, जमीनजुमला नाही, नुसती लेखणी. आजही हा निर्णय घ्यायला छातीच लागते. त्यांनी बिऱ्हाड थाटलं ते तळेगाव दाभाड्याला, मावळ तालुक्यात. तिथून लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, राजमाची हे किल्ले जवळ. मग किल्ल्यांचं वेडच लागलं. पुन्हा पुन्हा जायचं, वर मुक्काम करायचा, ऋतू बदलला की परत जायचं, फोटो काढायचे. 'दुर्गदर्शन', 'दुर्गभ्रमणगाथा' ही पुस्तकं त्यातूनच आली. आज सुट्टीच्या दिवशी ट्रेकिंगला जाणाऱ्या पोरांच्या कितीतरी आधी त्यांनी मराठी माणसाला गडाची वाट दाखवली.

पण त्यांना गडावर काय दिसलं ते महत्त्वाचं. दरवाजा, बुरूज, तट, पाण्याचं टाकं हे सगळ्यांनाच दिसतं. गोनीदांना त्यासोबत तिथं राहणारी माणसं दिसली. म्हणून त्यांच्या कितीतरी कादंबऱ्यांमध्ये गड आणि माणूस अशी जोडीच असते :

• पवनाकाठचा धोंडी – तुंग किल्ला. पिढीजात हवालदारी सांभाळणारा धोंडी. राज्य गेलं, पगार गेला, तरी गडाची जबाबदारी त्याच्या मनातून जात नाही.
• माचीवरला बुधा – राजमाची. मुंबई सोडून आपल्या माचीवर परतलेला म्हातारा आणि त्याचे झाडं-पाखरांतले दिवस.
• जैत रे जैत – कर्नाळ्याचा सुळका आणि ठाकरांची वस्ती.
• रानभुली – रायगडाच्या अंगाखांद्यावर वाढलेली पोर.
• वाघरू – राजगडाच्या परिसरातली गोष्ट.

या कादंबऱ्या शिवकाळात घडत नाहीत. तरी त्या वाचल्याशिवाय त्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्या नीट कळत नाहीत. धोंडीसारखी माणसं विसाव्या शतकात गडाच्या पायथ्याशी भेटली, तेव्हा तीनशे वर्षांपूर्वीचा मावळा कसा बोलत असेल, कशासाठी चिडत असेल, कशावर जीव टाकत असेल, याचा अंदाज लेखकाला आला. डोंगर तेच, पाऊस तोच, नाचणी-भाताची शेती तीच. राजे बदलले, पण पायथ्याच्या माणसाचं जगणं फार हळू बदललं.

शिवकाळ, पण कोणाच्या डोळ्यांनी?

आता त्या पाच कादंबऱ्यांकडं येऊ. त्या एकत्र 'कादंबरीमय शिवकाल' या नावानं मिळतात. नावं बघितली तरी अंदाज येतो. 'बया दार उघड' ही हाक एकनाथ महाराजांच्या भारुडातली, जगदंबेला जागं करणारी. स्वराज्याआधीच्या अंधाराची सुरुवात तिथून. 'हरहर महादेव' ही मावळ्यांची गर्जना. 'दर्याभवानी' समुद्राकडं नेते. 'झुंजार माची' म्हटलं की तोरणा आठवतो, कारण तोरण्याच्या एका माचीचं नाव हेच आहे. आणि 'हे तो श्रींची इच्छा' आपल्याला राज्याभिषेकापर्यंत, म्हणजे १६७४ पर्यंत आणून सोडते.

या सगळ्यात शिवाजी महाराज आहेत, पण दर पानावर समोर येऊन भाषण करत नाहीत. लढाईची बातमी गावात येते. कोणाचा पोरगा गडावर गेलेला असतो, कोणाचं गाव लुटलं गेलेलं असतं, कोणाला वर्षानुवर्षांनी पहिल्यांदा वाटतं की आपल्यामागं कोणीतरी उभं आहे. महाराज किती मोठे होते हे लेखक आपल्या तोंडानं सांगत बसत नाही. साध्या माणसाच्या जगण्यात काय फरक पडला ते दाखवतो आणि वाचणाऱ्याला आपोआप कळतं.

हीच वाट त्यांनी संतांच्या कादंबऱ्यांतही धरली. ज्ञानेश्वरांवरची 'मोगरा फुलला', तुकोबांवरची 'तुका आकाशाएवढा', रामदासांवरची 'दास डोंगरी राहतो' वाचताना संत देव्हाऱ्यातून उतरून घरात, शिवारात, डोंगरात वावरताना दिसतात.

मग कादंबरी म्हणजे इतिहास का?

हा प्रश्न आज फार महत्त्वाचा झालाय. मोबाईलवर रोज एखादा मेसेज येतो, अमुक सरदार तमुक प्रसंगी असं असं म्हणाला. खाली ना कागदाचा पत्ता, ना पुस्तकाचा. पुष्कळदा तो संवाद एखाद्या कादंबरीतला किंवा सिनेमातला असतो आणि लोक तो खरा समजून भांडतात.

फरक सोपा आहे. इतिहास लिहिणारा कागद मागतो. शिवकाळासाठी कवींद्र परमानंदाचं 'शिवभारत', कृष्णाजी अनंत सभासदानं १६९७ च्या सुमारास लिहिलेली बखर, जेधे शकावली, त्या वेळची पत्रं, इंग्रजांच्या वखारींच्या नोंदी अशी साधनं आहेत. ती एकमेकांशी ताडून बघायची, जुळेल तेवढंच ठामपणे सांगायचं. कादंबरीकार या साधनांचा आधार घेतो, पण कागद जिथं गप्प बसतो तिथं कल्पनेनं बोलतो. तारीख कागदात सापडते. लढाईच्या आदल्या रात्री शिपायाच्या बायकोच्या पोटात काय कालवाकालव झाली, ते कोणत्याच कागदात नसतं. तिथं कादंबरी लागते.

म्हणून कादंबरी वाचावी, जरूर वाचावी. पण तिच्यातला संवाद पुरावा म्हणून पुढं करू नये. गोनीदांच्या कादंबरीतली माणसं पुष्कळशी कल्पनेतली असतील. मात्र त्यांच्या पायाखालची वाट, तोंडातली बोली, चुलीवरचं जेवण, गडावरचं पाण्याचं टाकं हे लेखकानं फिरून, बघून, विचारून घेतलेलं आहे. त्यातलं खरेपण वेगळ्या जातीचं आहे.

आपल्या गावात हे करता येईल

गोनीदांकडं तरुणपणी ना गाडी होती, ना मोबाईल. आपल्या खिशात रेकॉर्डर, कॅमेरा आणि नकाशा एकाच यंत्रात आहे. मग सुरुवात अशी करा :

१. गावातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसा. आधी चहा, मग प्रश्न. गावाचं नाव कसं पडलं, जुनी वाट कुठून जायची, दुष्काळात काय खाल्लं, गाडगेबाबांचं किंवा तुकडोजी महाराजांचं कीर्तन ऐकलं का?
२. परवानगी घेऊन आवाज रेकॉर्ड करा. बोली सुधारू नका. जशी आहे तशीच राहू द्या.
३. कोण, कुठलं, कधी हे लिहून ठेवा. नाव, गाव आणि तारीख नसली तर दहा वर्षांनी त्या रेकॉर्डिंगचा उपयोग अर्धा होतो.
४. ऐकलेलं आणि सिद्ध झालेलं वेगळं ठेवा. 'आजोबा असं सांगतात' हे एक, 'कागदात असं आहे' हे दुसरं. दोन्ही मोलाचं, पण सरमिसळ नको.
५. जुनी वास्तू बघायला जा, पण जपून. चिखलदऱ्याजवळचा गाविलगड आपल्याच जिल्ह्यात. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनी तो लढाई करून घेतला. कितीतरी लोक चिखलदऱ्याचे पॉइंट बघून परत येतात, किल्ल्यात पाय ठेवत नाहीत. गेलात तर दगडावर नाव कोरू नका, प्लास्टिक टाकू नका. खराटा घेऊन गाव झाडणाऱ्या बाबांच्या जिल्ह्यात हे वेगळं सांगायला नको.

आधी कोणतं पुस्तक वाचावं?

वाचायची सवय कमी असेल तर 'माचीवरला बुधा' घ्या, लहान आहे. वऱ्हाडीची गोडी हवी असेल तर 'पूर्णामायची लेकरं'. माणूस कसा घडला ते जाणून घ्यायचं असेल तर 'स्मरणगाथा'. त्यानंतर 'बया दार उघड'पासून शिवकाळाच्या पाचही क्रमानं. तालुक्याच्या वाचनालयात चौकशी करा, नसतील तर मागवायला सांगा. वाचनालयाकडं मागणी गेली तर पुस्तक येतं.

ही पुस्तकं मोठ्यानं वाचायलाही छान आहेत. गोनीदांच्या कन्या डॉ. वीणा देव आणि घरच्या मंडळींनी त्यांच्या कादंबऱ्यांच्या अभिवाचनाचे कार्यक्रम वर्षानुवर्षं केले, लोक तल्लीन होऊन ऐकायचे. गणपतीत किंवा हरिनाम सप्ताहात एखाद्या दुपारी असा प्रयोग आपल्याही गावात करून बघा. वाचणारा एक पुरे, ऐकणारे जमतात.

सातवीपर्यंत शिकलेल्या परतवाड्याच्या पोराला इतिहास सापडला तो वाटेवरच्या माणसांकडं. तशी माणसं आजही आपल्या ओसरीवर, पारावर बसलेली आहेत. दर वर्षी त्यातली थोडी कमी होतात. त्यांच्याजवळ आज संध्याकाळी अर्धा तास बसलात तर गावाचा एक कागद वाचला असं समजा.